हातगाडीच्या आधी खाण होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ट्युनिशियावरचा लेख वाचला. लेख ओघवता आहे, भाषेबद्दल तक्रार नाही. तक्रार त्यात सांगितलेल्या गोष्टीबद्दल आहे. हातात पदवी असलेला एक बेकार तरुण, त्याला भर बाजारात थोबाडीत देणारी पोलीस बाई, मग रॉकेलचा डबा, मग फेसबुक आणि अठ्ठावीस दिवसांत विमान पकडून पळालेला हुकूमशहा. शेवटी लेखकाने निकालही देऊन टाकला आहे की लोकशाही 'त्या समाजाला पेलली नाही'. दर डिसेंबर-जानेवारीत ही गोष्ट कुठे ना कुठे छापून येते आणि दर वेळी तेवढीच अर्धी असते.

मी काही अभ्यासक नाही. खतांच्या कच्च्या मालाची तपासणी करणाऱ्या एका संस्थेत माझी सगळी नोकरी गेली. आपल्याकडे शेतकरी डीएपीची जी गोणी उचलतो, तिच्यासाठी लागणारं फॉस्फोरिक आम्ल बऱ्याच प्रमाणात बाहेरून येतं आणि ट्युनिशिया हा त्याचा जुना पुरवठादार. जहाजात माल भरण्याआधी टाकीतून नमुने काढायचे, आम्लाची ताकद आणि त्यातला गाळ मोजायचा, बाटल्यांना सील ठोकायचं आणि कागदावर सही करायची, हे माझं काम. त्यासाठी गाबेसच्या बंदरावर उठावाच्या आधीही जाणं झालं आणि नंतरही. त्यामुळे त्या देशाकडे मी राजधानीच्या बाजूने कधी पाहिलंच नाही. पाहिलं ते फॉस्फेट, म्हणजे हे आम्ल ज्या दगडापासून होतं तो, जिथून निघतो आणि जिथून समुद्रात उतरतो त्या दक्षिणेच्या बाजूने. तिथून पाहिलं की गोष्टीची सुरुवातच वेगळ्या जागी सापडते.

आधी लेखातल्या चुका, कारण त्या सोप्या आहेत. महंमद बुअझीझी पदवीधर नव्हता. त्याचं शालेय शिक्षणही पूर्ण झालेलं नव्हतं. सव्वीस वर्षांचा हा तरुण सिदी बुझीद या गावात हातगाडीवर फळं-भाजी विकायचा. १७ डिसेंबर २०१०ला त्याचा तराजू ज्या बाईने जप्त केला ती पोलीस नव्हती, नगरपालिकेची निरीक्षक होती. तिने थोबाडीत मारल्याचं कोर्टात कधीच सिद्ध झालं नाही. तिच्यावरचा खटला २०११च्या एप्रिलमध्ये निकालात निघाला आणि ती सुटली. मारलं असेल किंवा नसेल, पण त्या एका थपडेवर अख्खा देश उठला असं म्हणणं म्हणजे बाकीच्या लाखो लोकांना स्वतःचं काही म्हणणंच नव्हतं असं धरून चालणं. तराजू परत मागायला तो प्रांताच्या गव्हर्नरच्या कचेरीत गेला, तिथे त्याला कुणी उभं केलं नाही, आणि त्याच कचेरीसमोर त्याने स्वतःला पेटवून घेतलं. ४ जानेवारी २०११ला तो गेला. पण त्याच्या आधीच, २४ डिसेंबरला, शेजारच्या मेंझेल बुझयान गावात पोलिसांच्या गोळीने पहिला निदर्शक पडला होता.

आता मूळ मुद्दा. सिदी बुझीदच्या नैऋत्येला, अल्जीरियाच्या सरहद्दीला टेकून गफसा प्रांत आहे आणि त्यात चार खाणगावं आहेत: मेतलावी, मुलारेस, मदीला आणि रदेयेफ. १८८५ साली फिलिप तोमा नावाच्या फ्रेंच पशुवैद्याला तिथे फॉस्फेटचे थर सापडले. १८९७मध्ये फ्रेंचांनी कंपनी काढली, दोन वर्षांत स्फाक्सच्या बंदरापर्यंत रेल्वे टाकली आणि वाळवंटात गावं वसली ती फक्त खाणीसाठी. स्वातंत्र्यानंतर कंपनी सरकारी झाली. तिथे नोकरी म्हटलं की कंपनी, दवाखाना म्हटलं की कंपनी, पाणी म्हटलं की तेही कंपनीचंच. १९८०च्या दशकात या कंपनीत १४-१५ हजार माणसं होती. मग जमिनीखालच्या खाणी एकेक बंद झाल्या, उघड्या खाणीत यंत्रं आली आणि जागतिक बँकेच्या सल्ल्याने 'पुनर्रचना' झाली. २००७पर्यंत माणसं पाच हजारांच्या आसपास उरली. फॉस्फेट मात्र निघतच होतं, आणि भरपूर निघत होतं.

५ जानेवारी २००८ला कंपनीने भरतीचा निकाल लावला. जागा मूठभर आणि अर्जदार शेकड्यांनी. खाणीत जखमी झालेल्या किंवा मेलेल्या कामगारांच्या घरच्यांसाठी ठरावीक जागा राखून ठेवायच्या असा कामगार महासंघाशी करार होता. यादीत आले मात्र वशिल्याचे लोक. त्या भागातला महासंघाचा पुढारी स्वतःच कंपनीला माणसं पुरवणारा ठेकेदार झालेला होता, त्यामुळे यादी कुठे शिजली हे सांगायला कुणाची गरज नव्हती. रदेयेफमध्ये बेकार पोरांनी ठिय्या दिला, खाण कामगारांच्या विधवांनी तंबू ठोकले, मालगाड्यांची वाट अडवली गेली. अदनान हाज्जी नावाचा एक शिक्षक आणि युनियनच्या स्थानिक शाखेतली त्याची माणसं यांनी हे आंदोलन सहा महिने चालवलं. वरच्या महासंघाने हात झटकले. मे महिन्यात तब्बेदित इथे पोरं विजेच्या उपकेंद्रात घुसून बसली असताना प्रवाह सोडला गेला आणि एक जण जागीच गेला. ६ जूनला पोलिसांनी गोळीबार केला, आणखी एक गेला. मग सैन्य आलं. डिसेंबरात हाज्जी आणि त्याच्या साथीदारांना मोठमोठ्या शिक्षा झाल्या.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, ती बहुतेक लेखांत नसते. आमच्या धंद्यातल्या माणसाला ती विसरता येत नाही. २००८ हे फॉस्फेटच्या इतिहासातलं सगळ्यात चढ्या भावाचं वर्ष. वर्षा-दीड वर्षापूर्वी ज्या दगडाला टनामागे पन्नासेक डॉलर मिळत होते, त्याला त्या उन्हाळ्यात चारशेच्या वर भाव गेला. खरेदीदार आगाऊ पैसे घेऊन रांगेत उभे होते. आमच्याकडे फोनवर एकच प्रश्न असायचा, जहाज कधी सुटतंय. आणि नेमक्या त्याच महिन्यांत, ज्या डोंगरातून तो दगड निघत होता त्याच्या पायथ्याशी शिपायाच्या नोकरीसाठी लोक मरत होते. कंपनी तोट्यात असती तर निदान सबब तरी होती. तीही नव्हती.

त्या वर्षी उन्हाळ्यात मी गाबेसला होतो. हॉटेलवरून बंदरावर नेणारा ड्रायव्हर रदेयेफचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा, हसला की दातांवर तपकिरी डाग दिसायचे. खाणीकडच्या बऱ्याच लोकांचे दात असेच असतात, तिथल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. आमचं संभाषण दोघांच्याही मोडक्या फ्रेंचमध्ये. एका सकाळी मी सहज विचारलं, घरी कधी जाणार? त्याने गाडीचा रेडिओ मोठा केला. पुढच्या चौकात पोलीस उभे होते, ते मागे पडेपर्यंत आवाज तसाच ठेवला, मग बारीक केला आणि म्हणाला, 'रस्ता बंद आहे. धाकटा आत आहे.' इतकंच. बंदरावर पोहोचल्यावर मी टाकीवर चढलो, काळपट हिरवं आम्ल बाटलीत घेतलं, सील केलं. अहवालात गाळाच्या प्रमाणाचा रकाना असतो, धाकट्याचा नसतो.

ट्युनिशियाच्या वर्तमानपत्रांत रदेयेफबद्दल जे येत होतं ते गुंडांनी धुडगूस घातल्याचं. फाहिम बुकादूस या पत्रकाराने तिथली दृश्यं एका उपग्रह वाहिनीवर दाखवली, त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. तो सुटला १९ जानेवारी २०११ला, हुकूमशहा बेन अली पळाल्यावर पाच दिवसांनी. २००८च्या नोव्हेंबरात, हाज्जीचा खटला तोंडावर असताना, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे तेव्हाचे प्रमुख राजधानी ट्युनिसला येऊन तिथल्या आर्थिक धोरणाची तोंडभर तारीफ करून गेले. त्या काळात बाहेरचा प्रत्येक पाहुणा हेच करायचा. रस्ते गुळगुळीत, बायका शिकलेल्या, समुद्रकिनारी हॉटेलं, विकासदर पाच टक्क्यांच्या आसपास. पाहुण्याला किनाराच दाखवला जायचा, आणि पाहुणाही किनाराच बघायला आलेला असायचा.

किनारा आणि आतला मुलूख ही त्या देशाची खरी दुभंगरेषा. पहिला अध्यक्ष हबीब बुर्गीबा मोनास्तीरचा, दुसरा झीन अल-आबिदीन बेन अली हम्माम सूसचा. दोन्ही गावं एकाच किनारपट्टीवर, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर म्हणावीत अशी. कारखाने, विद्यापीठं, विमानतळ, मोठी इस्पितळं त्याच पट्ट्यात. पाणी, गहू, भाजीपाला आणि फॉस्फेट येतं ते गफसा, कासरीन, सिदी बुझीद, जंदूबा या आतल्या प्रांतांतून, आणि प्रक्रिया होऊन पैसा होतो तो समुद्रकाठी. सिदी बुझीदचंच बघा. तिथे विहिरी खणून बागायत वाढली, पण पैसा लावणारे बरेचसे बाहेरचे. गावातले छोटे शेतकरी कर्जात बुडाले. २०१०च्या उन्हाळ्यात त्याच प्रांतातल्या रेगेब भागातल्या शेतकऱ्यांनी जमिनी हातच्या जातात म्हणून निदर्शनं केली होती. बुअझीझीच्या कुटुंबाचाही त्या भागातल्या जमिनीशी संबंध होता. म्हणजे हातगाडीवर तो हौसेने आलेला नव्हता.

याच्यावर बसलेलं होतं एक कुटुंब. बेन अली १९८७च्या ७ नोव्हेंबरला सत्तेवर आला तो डॉक्टरांकडून म्हाताऱ्या बुर्गीबाला अकार्यक्षम ठरवून. पुढे त्याची बायको लैला त्राबेल्सी आणि तिचे भाऊबंद यांनी बँक, विमान कंपनी, मोटारींची आयात, जमिनी, जे हाताला लागेल त्यात वाटा घेतला. हे बाजारगप्पांपुरतं नव्हतं. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४मध्ये जप्त कंपन्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा आढळलं की या गोतावळ्याच्या २२० कंपन्यांकडे देशातल्या खासगी क्षेत्राच्या एकूण नफ्यापैकी २१ टक्के नफा जात होता आणि त्या नोकऱ्या देत होत्या एक टक्क्याच्या आसपास. आता हीच जागतिक बँक आधी कौतुकाचे अहवाल छापत होती हे जाता जाता सांगून ठेवतो.

आणि वर पदव्या. सरकारने विद्यापीठं काढली, पोरांनी शिकून घेतलं, पण अर्थव्यवस्था राहिली कपडे शिवणारी, हॉटेलं चालवणारी आणि फॉस्फेट खणणारी. २०१०मध्ये देशातली बेकारी तेरा टक्क्यांच्या आसपास होती आणि पदवीधरांत ती जवळपास दुप्पट. जितकं जास्त शिकावं तितकं घरी बसावं लागतं, असा तो उलटा हिशेब. गफसात आणि कासरीनमध्ये तर विचारूच नका.

म्हणून सिदी बुझीदमध्ये लोक पहिल्या दिवशी रस्त्यावर उतरले तेव्हा घोषणा नवीन सुचवावी लागली नाही. 'अत्तश्घील इस्तिहकाक, या इसाबत अस्सुर्राक', म्हणजे काम हा हक्क आहे, चोरांच्या टोळीनो! हीच घोषणा अडीच-पावणेतीन वर्षांपूर्वी खाणगावांत दिली गेली होती. माणसंही नवीन नव्हती. गावोगावचे शिक्षक, टपाल खात्यातले, वकील, युनियनच्या तालुका शाखांतले कार्यकर्ते. २००८ला रदेयेफ एकटं पडलं होतं. या वेळी या शाखांनी आंदोलन एका गावात कोंडू दिलं नाही. फेसबुकचा वाटा मी नाकारत नाही, देशात तेव्हा वीसेक लाख खाती होती आणि मोबाइलवरचं चित्रण तिथून उचलून अल जझीरा रात्रभर दाखवायची. पण थाला आणि कासरीनमध्ये ८ ते १२ जानेवारीच्या दरम्यान पोलिसांच्या गोळ्यांसमोर जे उभे राहिले त्यांनी 'लाइक' दिलं नव्हतं. उठावातल्या बळींची संख्या पुढे चौकशी आयोगाने ३३८ दिली, संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने किमान २१९. कुठलीही धरा, त्यात किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांची पोरं फारशी नाहीत.

बेन अलीलाही नेमकं काय मागितलं जातंय हे कळलेलं होतं. १० जानेवारीला त्याने दोन वर्षांत तीन लाख नोकऱ्यांचं आश्वासन दिलं. १२ला स्फाक्समध्ये महासंघाच्या हाकेवर प्रचंड संप झाला. १३ला तो टीव्हीवर आला, नेहमीची ग्रांथिक अरबी सोडून प्रथमच घरगुती बोलीत बोलला, 'मला तुमचं म्हणणं समजलं' म्हणाला, पाव-साखर-दुधाचे भाव उतरवतो म्हणाला, २०१४ला उभा राहणार नाही म्हणाला. १४ला ट्युनिसच्या बुर्गीबा हमरस्त्यावर गृहखात्याच्या दारात लोक 'चालता हो' म्हणून ओरडत होते आणि संध्याकाळी तो जेद्दाला निघून गेला. तिथेच २०१९ला वारला. या सगळ्यात फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्री बाईंनी त्याच आठवड्यात आपल्या पोलिसांचं कसब ट्युनिशियाला देऊ केलं होतं. पुढे त्यांना राजीनामा द्यावा लागला, पण कोण कुणाच्या बाजूला होतं ते तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं.

यानंतरच्या दहा वर्षांना लेखकाने 'अपयश' या एका शब्दात गुंडाळलं आहे, ते मला सगळ्यात खटकलं. २३ ऑक्टोबर २०११ला खुली निवडणूक झाली. एन्नहदा या इस्लामी पक्षाला २१७पैकी ८९ जागा मिळाल्या आणि त्याने दोन निधर्मी पक्षांबरोबर सरकार केलं. २०१३मध्ये शुक्री बलईद आणि महंमद ब्राहमी या दोन डाव्या नेत्यांचे खून झाले, देश यादवीच्या उंबरठ्यावर आला. तेव्हा महासंघ, मालकांची संघटना, मानवी हक्क संघटना आणि वकील संघ या चौघांनी सगळ्या पक्षांना एका टेबलाशी बसवलं. एन्नहदाने भांडत का होईना, पण सत्ता सोडली. २०१४च्या जानेवारीत राज्यघटना झाली. या चौघांना २०१५चं शांततेचं नोबेल मिळालं. इजिप्त, लिबिया, सीरिया, येमेन यांत त्याच वर्षांत काय चाललं होतं ते आठवा आणि मग 'पेलली नाही' हे शब्द वापरा. पेलली, चांगली पेलली. ज्याच्यासाठी माणसं मेली तो विषय मात्र टेबलावर आलाच नाही.

त्या घटनेच्या बाराव्या कलमात प्रांताप्रांतांतला तोल साधण्याची, मागे राहिलेल्यांना झुकतं माप देण्याची भाषा आहे. कासरीनच्या लोकांनी तर २०१५च्या जूनमध्ये जुन्या राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य व प्रतिष्ठा आयोगाकडे अर्ज केला की आमचा अख्खा प्रांतच पीडित म्हणून नोंदवा. मला हा अर्ज फार महत्त्वाचा वाटतो. छळ झालेल्या माणसाची तक्रार कुठलाही आयोग घेतो, पण रस्ता, इस्पितळ, कारखाना जाणूनबुजून न देणं हाही छळच आहे असं एका प्रांताने लेखी मांडलं. पुढे काय झालं? २०१७मध्ये संसदेने जुन्या राजवटीतल्या अधिकाऱ्यांना माफी देणारा कायदा केला, आणि आयोगाचा अहवाल कपाटात गेला. त्याच्या अध्यक्ष सिहेम बेनसेद्रिन यांना २०२४मध्ये अटकही झाली.

खाणगावांत काय झालं ते मी थोडं जवळून पाहिलं. बेन अली गेल्यावर बेकार पोरं पुन्हा रुळांवर येऊन बसली, या वेळी त्यांना हुसकायची कुणाची हिंमत नव्हती. २०१०ला ८० लाख टनांच्या आसपास असलेलं उत्पादन २०११ला पंचवीसेक लाखांवर आलं. नंतरची वर्षं तीस-चाळीस लाखांतच गेली, निदान २०२४पर्यंत ५० लाखांचा आकडा काही दिसला नाही. प्रत्येक सरकारने तोच उपाय केला: आणखी माणसं भरा. 'पर्यावरण, वृक्षलागवड आणि बागकाम' अशा नावाच्या कंपन्या निघाल्या. त्यात हजारो लोकांना पगार सुरू झाला, झाडं कुठे लागली ते विचारू नये. माल निम्म्याहून कमी आणि पगारपत्रक दुपटीहून मोठं. रेल्वे अडवलेली म्हणून माल ट्रकने, ट्रकचे ठेके पुन्हा वजनदार लोकांकडे. आमच्या बाजूला जहाजं ताटकळायची, विलंबशुल्काचे वाद व्हायचे, खरेदीदार मोरोक्कोकडे वळले. गेलेलं गिऱ्हाईक परत आणणं किती कठीण असतं ते धंद्यातल्यांना विचारा.

हे वाचून कुणी म्हणेल की बघा, लोकांनीच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. मला तसं वाटत नाही. शंभर वर्षं ज्या गावाला एकच दार दाखवलं, ते त्याच दारावर धडका मारणार. दुसरा कारखाना, दुसरी शेती, पाण्याची सोय यांतलं काही उभं करायला पैसा आणि दहा-पंधरा वर्षांचा धीर लागतो. सरकारं मात्र वर्षा-दीड वर्षाला बदलत होती. २०१५मध्ये बार्दो संग्रहालयात आणि नंतर सूसच्या किनाऱ्यावर दहशतवादी हल्ले झाले, त्यात बहुतेक परदेशी पर्यटक मारले गेले आणि पर्यटन बसलं. २०१६ला नाणेनिधीकडून २९० कोटी डॉलरचं कर्ज ठरलं, सोबत अटी आल्या. दिनार घसरत गेला, उठावाच्या वेळी डॉलरला दीड दिनारही पडत नव्हते ते पुढे तीनच्या वर गेले. गहू, औषधं, इंधन आयातीचं. मग स्वातंत्र्याचं कौतुक किती दिवस पुरणार?

या नाराजीवर स्वार होऊन कैस सईद हा घटनेचा प्राध्यापक २०१९ला सत्तर टक्क्यांहून जास्त मतांनी अध्यक्ष झाला. २५ जुलै २०२१ला, करोनाने इस्पितळं ओसंडत असताना, त्याने संसद गोठवली आणि लोक रस्त्यावर येऊन नाचले. हे नाचणं मला समजू शकतं. पुढच्याच वर्षी त्याने स्वतः लिहिलेली घटना आणली, मग निवडून आलेल्या नगरपालिका बरखास्त केल्या, एन्नहदाचे नेते राशिद घन्नूशी तुरुंगात, त्यांचे निधर्मी विरोधकही तुरुंगात. आणि त्याच सईदने क्रांतिदिन १४ जानेवारीवरून १७ डिसेंबरवर नेला. किनाऱ्याची तारीख काढून आतल्या मुलखाची तारीख दिली. कागदावर पाहिलं तर न्याय झाला. २०२२ची संसदेची निवडणूक त्याने मुद्दाम १७ डिसेंबरलाच ठेवली. मतदान झालं ११ टक्क्यांच्या आसपास. तारीख मिळालेल्यांनी त्या तारखेला घरी बसणं पसंत केलं. २०२४ला तो ९० टक्क्यांवर मतांनी पुन्हा निवडून आला, पण तेव्हाही दहातले सात मतदार फिरकले नाहीत.

लेखात गाबेसचा उल्लेखच नाही, म्हणून तेवढं सांगतो. भूमध्य समुद्राच्या अगदी काठाला लागून खजुरांचं मरुद्यान असणं ही दुर्मीळ गोष्ट, ते गाबेसला आहे. त्याला खेटून १९७०च्या दशकापासून सरकारी रसायन कारखाने आहेत. फॉस्फोरिक आम्ल करताना दर टनामागे सुमारे पाच टन जिप्समचा चिखल उरतो. तो इतकी वर्षं सरळ समुद्रात सोडला जातोय. टाकीच्या माथ्यावर उभं राहिलं की पाण्याचा रंग कुठे बदलतो ती रेघ स्पष्ट दिसायची, आणि वाऱ्याची दिशा घशाला आधी कळायची. आम्ही मुखवटा लावून तासाभरात खाली उतरायचो. शेजारच्या शत्त अस्सलाम वस्तीला उतरायला जागा नव्हती. २०१७ला सरकारने हे कारखाने टप्प्याटप्प्याने हलवायचं जाहीर केलं आणि हलवले नाहीत. उलट फॉस्फेट वाढवण्याच्या घोषणा होत राहिल्या, कारण तिजोरीला डॉलर हवेत. २०२५च्या ऑक्टोबरात तिथल्या शाळेतली मुलं वायूने गुदमरून इस्पितळात गेली, हजारो लोक रस्त्यावर आले आणि २१ ऑक्टोबरला अख्ख्या शहराने बंद पाळला. बंद पुकारणारा पुन्हा तोच महासंघ, त्याची स्थानिक शाखा. रस्त्यावर पुन्हा शिक्षक, वकील, बेकार पोरं आणि आया.

आपल्या लेखकाने ट्युनिशियाची गोष्ट २०२१ला संपवली आहे. माझी विनंती एवढीच, की पुढच्या १७ डिसेंबरला हातगाडीचं तेच छायाचित्र छापण्याआधी गाबेसच्या त्या बंदाची एखादी बातमी तरी छापावी. आणि त्या अनुषंगाने खतखात्याच्या बातम्या देणाऱ्या आपल्या वार्ताहराने फॉस्फोरिक आम्ल कुठून येतं, आता त्यातलं किती ट्युनिशियाचं आहे, हेही एकदा विचारावं. पदवीधर आणि पोलीस बाई या दोन दुरुस्त्या मात्र पुढच्या अंकातच याव्यात.

आपला,
एक निवृत्त मालतपासणीस
(नाव छापू नये)